गाठीला दिलेला शेक

दवाखान्यातून लेक परतली ती गुणगुणतच. पार्लरचं दार ढकलून तिने पर्स आईच्या हवाली केली आणि हातमोजे चढवले. खुर्चीत शिक्षिकाबाई केसांना रंग लावून घ्यायला मघापासून ताटकळल्या होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर?" टॉवेलच्या घड्या घालत आईने विचारलं.

"थायरॉइडमध्ये बारीक गाठ आहे. पुष्कळ जणींना असते म्हणे. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. मानेवर कधी रेडिएशन घेतलंय का, हेसुद्धा विचारलं. म्हटलं, छे!"

"शेकाचं सांगितलंस?"

"लहानपणीच्या? त्यात काय सांगायचं?"

"शेक तर मीही घेते गुडघ्याला," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "गरम पाण्याच्या पिशवीने."

लेक हसली. आईला मात्र हसू आलं नाही.

लेक अकरा वर्षांची असताना तिच्या मानेला गाठी आल्या होत्या. कॅन्सर निघाला. पोरीच्या कानावर तो शब्द पडू द्यायचा नाही, असं वडिलांनी बजावलं आणि घरादाराने मिळून 'शेक' म्हणायला सुरुवात केली. भल्यामोठ्या यंत्राखाली पोर एकटी निजायची. "हलू नकोस हं, शेक नीट बसत नाही," असं आईच सांगायची. पोर बरी झाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की जिथे हे किरण पडलेत तिथे कित्येक वर्षांनी नवी गाठ होऊ शकते. होईलच असं नाही, पण मोठी झाली की तिला सांगा, प्रत्येक डॉक्टरला तिने हे सांगायला हवं.

आई सांगणार होतीच. पण आधी परीक्षा आली, मग लग्न, मग बाळंतपण. सबबी एकीपेक्षा एक भारी. वडील गेले आणि ते सांगणं एकट्या आईच्या गळ्यात पडलं.

"आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या," ती म्हणाली.

"आई, सगळं ठीक आहे म्हटलं की तुला करमत नाही का गं?"

आईने तोच टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. सहा महिने! तेवढ्यात त्या गाठीचं काय होईल कोण जाणे. आणि खरं सांगायचं तर तिला गाठीइतकीच लेकीच्या रागाची भीती वाटत होती. त्याची तिला लाज वाटली, मनापासून वाटली.

"तो शेक म्हणजेच रेडिएशन," ती एका दमात म्हणाली. "तुला कॅन्सर होता."

लेकीच्या हातातला रंगाचा ब्रश थांबला.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. मामाला, काकूला..."

"माझ्या नवऱ्याला?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

शिक्षिकाबाईंनी आरशातून नजर काढून खाली वळवली. डोकं चुरचुरायला लागलं होतं, पण बिचारीने ब्रसुद्धा काढला नाही. लेकीने त्यांचे केस धुऊन दिले, मग हातमोजे काढून दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उद्याच या म्हणाले, गाठीत सुई घालून तपासायला हवं.

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षाने गेल्या. दवाखान्यात नर्सने विचारलं, "रिपोर्टसाठी फोन कुणाला करायचा? आईंना?"

"नाही. फक्त मला. घरच्यांना काय सांगायचं ते मी बघेन."

"मला खरं सांगशील ना गं?" आईने विचारलं.

लेकीने तिच्याकडे पाहिलं. हो म्हणावं की नाही, तिचं तिलाच कळत नव्हतं. नर्सने आत बोलावलं तशी ती गेली. आई बाकावर बसून राहिली. बाहेर येताना लेक हसली तर ते हसू खरं की आपल्यासाठी, हे कसं ओळखायचं ते तिला कळेना.