पटावरची बाही

थोरलीच्या घराच्या दाराला आतून कुलूप असे आणि त्याची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. घरात माणसं दोनच, ती आणि तिचे वडील. वडिलांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, कारण चाळीस वर्षं त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात शर्ट-पँटी शिवल्या होत्या. दुकान कुठे होतं हे आता त्यांना आठवत नव्हतं, पण दुकानाला उशीर होतोय हे मात्र रोज सकाळी न चुकता आठवायचं. दोनदा ते असे निघून गेले होते. पहिल्यांदा दूधवाल्याने हाताला धरून आणून सोडलं. दुसऱ्यांदा सापडायला सात तास लागले. त्या संध्याकाळी थोरलीने कुलूप आणलं.

त्याआधी ती नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायची. नोकरी सोडताना धाकटा भाऊ म्हणाला होता, "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, ताई." त्या थोड्या दिवसांना आता तीन वर्षं होत आली होती. धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. बायको, दोन मुली, पाळ्यांची नोकरी. फोन मात्र रोज करायचा. "सगळं ठीक ना?" तो विचारायचा. "ठीक," ती म्हणायची. मग दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवायचे.

खेळांचा नाद तिला लागला तो एका दुपारी, मास्तरांचा डोळा लागलेला असताना. जगात असेही लोक आहेत, की जे स्वतः रचलेल्या खेळांची पानं सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुली ठेवतात, हे तिला त्या दिवशी कळलं. पानं छापून घ्यायची आणि पट, पत्ते, सोंगट्या सगळं घरच्या घरी कापून-चिकटवून करायचं. घराबाहेर पाऊल न टाकता करता येईल असं काहीतरी तिला हवंच होतं.

पहिला खेळ साफ फसला. साध्या खळीने चिकटवलेले पत्ते सुकताना असे वळले, की एकावर एक ठेवले तरी पत्त्यांचा गठ्ठा बसायला तयार होईना. मग एकेक गोष्ट उमजत गेली. ओली खळ नको, गोंदाची कांडी बरी. चिकटवल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवायचं, आणि वजनाला मास्तरांच्या जुन्या लोखंडी इस्त्रीसारखी दुसरी वस्तू नाही. पत्त्याची पुढची आणि मागची बाजू जुळवायला खिडकीच्या काचेवर कागद धरायचा, उजेडात दोन्हीकडच्या रेघा दिसतात. पुठ्ठा एका दणक्यात कापायला जायचं नाही. पोलादी पट्टी घट्ट दाबून कटर हलक्या हाताने तीनदा ओढायचा. पातं बोथट झालं की कागद कापला जात नाही, फाटतो, म्हणून टोक वेळेवर मोडून टाकायचं, कंजूषपणा करायचा नाही. पट्टी आणि हिरवी कटिंग मॅट कचेरीतल्या दिवसांची होती. सोंगट्यांसाठी तिने मास्तरांचा बटणांचा डबा घेतला. कोटाची मोठी तपकिरी बटणं, शर्टाची पांढरी, कुठल्याशा मुलीच्या फ्रॉकची लाल.

बरा दिवस असला की मास्तर शेजारी बसून बघत.

"रेघेच्या बाहेरून काप," ते म्हणत. "शिलाईला जागा ठेव."

"शिवायचं नाहीये हे, बाबा."

"मग कापतेस कशाला?"

यावर ती हसत असे. पण असे दिवस कमी होत चालले होते. बाकीच्या दिवशी ते तिला बाई म्हणत आणि घरी सोडण्याची विनंती करत. "बाई, झालं तुमचं काम. आता मला घरी जाऊ द्या." दिवसातून वीस वेळा. कुलूप ओढून बघत, मग खिडकीशी जात, मग पुन्हा कुलूप. तीन मजले खालून माणसांचे, गाड्यांचे आवाज येत. कधी कधी मास्तर झोपल्यावर थोरली स्वतःच जाऊन ते कुलूप हातात धरून उभी राहायची. किल्ली गळ्यात होती, उघडायला कोणी अडवत नव्हतं. उघडून जायचं मात्र कुठे नव्हतं.

त्या वर्षी तिने होड्यांचा खेळ करायला घेतला. एक मोठं तळं, त्याच्या काठाने बारा गावं, आणि कोणाची होडी कुठला माल घेऊन कुठे पोचते यावर सगळा खेळ. रचणाऱ्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. बहात्तर पत्ते, चार भागांत दुमडणारा पट. पटाचे चार तुकडे जोडायला वहीच्या पाठीला लावतात तसलं कापड तिने लावलं. चार महिने गेले त्यात. आणि नेमकं तेव्हाच कळलं, की त्या शिक्षिका येत्या रविवारी याच शहरात येतायत. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, अकरा ते पाच. घरी केलेले खेळ घेऊन या, खेळूया.

तिने धाकट्याला फोन केला. मागायची सवय नसल्यामुळे आवाज उगाचच कडक झाला. "रविवारी मला एके ठिकाणी जायचंय. दहाला येशील?"

"येतो की! त्यात काय विचारायचं?"

रविवारी ती पहाटेच उठली. पटाच्या एका सांध्याचं कापड थोडं बाहेर डोकावत होतं, म्हणून तिने कपाटावर लपवलेली मास्तरांची मोठी कात्री काढली, कापड सरळ केलं आणि आंघोळीला गेली. कात्री टेबलावरच राहिली. पुढे कितीतरी दिवस तिने स्वतःला याचाच बोल लावला.

दहा वाजले. साडेदहा वाजले. पावणेअकराला धाकट्याचा फोन आला.

"ताई, अगं धाकटीला रात्रीपासून ताप आहे. जरा उतरला की निघतोच. दुपारपर्यंत नक्की."

"दुपारी म्हणजे?"

"बघतो ना. पुढच्या वेळी जाशील, एवढं काय त्यात?"

ती स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकत होती. बाहेरच्या खोलीतून चर्र, चर्र असा ओळखीचा आवाज येत होता, पण तो कसला हे तिच्या लक्षात यायला फोन संपावा लागला. ती धावत गेली. मास्तर टेबलापाशी ताठ उभे होते, कितीतरी महिन्यांत उभे राहिले नव्हते तसे. कानावर पेन्सिल. पट उलटा पसरलेला, पाठीमागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर रेघा आखलेल्या, आणि कात्री वळण घेत शेवटच्या टोकाशी आलेली. त्यांनी तुकडा उचलून तिच्यासमोर धरला.

"झाली बाही. दुसरी बेततो. गिऱ्हाईक अकराला येणारे."

चार महिन्यांचं तळं एका बाजूने कापलं गेलं होतं. तीन गावं त्यांच्या हातात होती.

थोरली जे ओरडली ते तिला पुढे नीट आठवलं नाही. एवढंच आठवलं, की "मेले मी इथे, मेले" असं काहीतरी ती म्हणाली आणि मास्तरांनी बाही छातीशी धरून दोन पावलं मागे घेतली, पोरगं मागे सरकतं तशी. तिने पर्स उचलली, चपला घातल्या, कुलूप काढलं, बाहेर आली आणि तेच कुलूप बाहेरून लावलं.

तीन जिने ती कसे उतरली तिलाच ठाऊक. बस लगेच मिळाली. खिडकीजवळची जागा होती, रविवारची रिकाम्या रस्त्यांची सकाळ होती. पहिल्या थांब्यापर्यंत ती नुसती श्वास घेत होती. दुसऱ्या थांब्यावर तिला वाटलं, हे इतकं सोपं होतं? तिसरा थांबा यायच्या आत तिला टेबल दिसलं आणि टेबलावरची जागा रिकामी दिसली. कात्री त्यांच्या हातात होती.

"थांबवा!" ती ओरडली. वाहक म्हणाला, "थांब्यावर थांबेल, बाई." ती दारात दांडा धरून उभी राहिली, आणि बस थांबल्यावर उलट दिशेने पळत सुटली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चपला हातात घेऊन.

तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या नर्सबाई दाराशी उभ्या होत्या. आतून मास्तरांचा आवाज येत होता, अगदी अदबशीर.

"जरा बाहेरून उघडता का? मला इथे कोंडलंय कोणीतरी."

नर्सबाईंनी बाजूला होऊन तिला जागा दिली. थोरलीने दाराला तोंड लावलं, पण दमाने शब्दच फुटेना.

"घाबरू नका," मास्तर आतून म्हणाले, उलट तिलाच धीर दिल्यासारखे. "तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. माझी मुलगी येईल आता. ती आली की उघडेल. ती उशीर करत नाही कधी."

थोरलीच्या हातात किल्ली होती आणि कुलपाचं भोक तिला दिसेना. शेवटी नर्सबाईंनीच किल्ली घेतली.

दार उघडलं. कात्रीचं टोक कडीच्या खाचेत अडकून राहिलं होतं. रंगाचे टवके निघाले होते आणि मास्तरांच्या अंगठ्याचं सालटं गेलं होतं, बाकी काही नाही. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिचं मनगट धरून ते हळूच म्हणाले, "चला बाई, पटकन निघू. ते यायच्या आत."

"चला," ती म्हणाली.

ती दोघं निघाली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली, कारण मास्तरांना त्यापुढे जायचं कुठे हे सुचेना. नर्सबाईंनी अंगठा पुसून पट्टी लावली, चहा आणून दिला. मागे दार सताड उघडं होतं. थोरलीने तिथूनच धाकट्याला फोन लावला.

"पोरीचा ताप किती आहे?"

"आता उतरलाय. पण ताई, मी म्हणत होतो..."

"ऐक. मी आज बाबांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून गेले होते. हातात कात्री होती त्यांच्या." तिचा आवाज शांत होता, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "मी पुन्हा जाईन का हे मला सांगता येत नाही. म्हणून तू ये."

पलीकडे तो बायकोला काहीतरी भराभर सांगत होता. मग, "निघालो."

तो पाऊण तासाने आला, पायांत दोन वेगळ्या चपला. पायरीवर बसलेले दोघे बघून तो तिथेच थबकला. थोरलीने गळ्यातला दोरा काढून त्याच्या हातात दिला, आत जाऊन पटाचे तुकडे आणि पत्ते पिशवीत भरले, चिकटपट्टी घेतली.

"जेवण ओट्यावर आहे. ते घरी जायचं म्हणतील. हो म्हणायचं. नाही म्हटलं की त्रास होतो."

वाचनालयात पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. वरच्या खोलीत पाच-सहा टेबलांवर माणसं खेळत होती. कोणी बाटलीच्या झाकणांच्या सोंगट्या केल्या होत्या, कोणी जुन्या औषधांच्या खोक्यांचा पट. भूगोलाच्या शिक्षिका बारीकशा, मोठ्या चष्म्याच्या. थोरलीने शरमत आपला पट उलगडला आणि बाहीचा तुकडा शेजारी ठेवला. बाईंनी चष्मा वर सरकवून त्या वळणावरून बोट फिरवलं.

"ही खाडी तुम्ही मुद्दाम कापलीत? काय सुरेख वळण आहे!"

"खाडी नाही हो, बाही आहे," थोरली म्हणाली. "वडिलांनी बेतली. शिंपी आहेत माझे वडील."

बाई हसल्या, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबल्या. "राहू द्या तशीच," त्या म्हणाल्या. "फट ठेवून चिकटवू. होड्यांना वळसा पडेल, त्याचं बघू काय होतं ते."

तसा एक डाव झाला. तो वळसा कोणालाच धड जमला नाही आणि एका पोस्टमनची कोटाच्या बटणाची होडी तीनदा अडकली. थोरली हरली. पाचला खोली बंद झाली तेव्हा इतका वेळ घरच्या कुलपाची आठवणच झाली नव्हती, हे लक्षात येऊन तिला भीतीच वाटली.

घरी धाकट्याने दार उघडलं. त्याचे केस विस्कटलेले, शर्टावर खडूच्या रेघा.

"सहा वेळा माप घेतलं माझं," तो म्हणाला. "घरी जायचं किती वेळा म्हणाले, ते मोजायचं मी सोडून दिलं. ताई, तू..." मास्तर खुर्चीत झोपले होते. ती दोघं ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभी राहिली, लहानपणी मार खाल्ल्यावर राहायची तशी.

पुढच्या रविवारी तो न बोलावताच आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी साडेनऊला फोन वाजला.

"ताई, आज जरा अडचण आहे गं..."

दर वेळी ती म्हणायची, असू दे. ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

"अडचण आटोपून ये," ती म्हणाली. "मी तयार होऊन बसलेय."

तो बाराला आला, तोंड पाडून, पण आला. ती निघताना मास्तर खिडकीतून खाली बघत होते. दुकानाला उशीर होतोय, ते धाकट्याला सांगत होते, आणि धाकटा म्हणत होता, "हो मास्तर, निघूच आपण."