डिडरिकच्या खिडकीसमोर

हिलेने भावावर डूख धरला तो आईला पुरून आल्यावर, रिवाजाप्रमाणे सगळ्यांना कॉफी देतात त्या वेळी. हॉलंडमधलं ते निम्मं बर्गन गाव केकचा तुकडा हातात घेऊन बसलं होतं, आणि डिडरिक डोळे टिपत सांगत होता, "आईनेच हट्ट धरला हो वृद्धाश्रमात जायचा." हिले कमरेच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात पडलेली असताना यानेच म्हातारीला घरातून हलवलं होतं. जाताना तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती, हे शेजारच्या आल्टियेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. महिन्याभरात आई तिकडेच वारली. आणि हा निगरगट्ट वर केक खात होता!

 गावाच्या इतिहास मंडळाला पाहुण्यांना गाव दाखवायला वाटाड्या हवा होता, तिथे जाऊन हिलेने आपलं नाव दिलं.

झाडीत दडलेल्या एक्स्प्रेशनिस्ट बंगल्यांचा शोध बाहेरच्यांना नुकताच लागला होता. गावाने शंभर वर्षं त्यांना वेड्यांची घरं म्हणून हसण्यावारी नेलं, आणि आता अ‍ॅमस्टरडॅमची माणसं येऊन आ वासून बघत होती. जमिनीला टेकलेली गवती छपरं, सरळ रेघ औषधालाही नाही. त्यातलं पालथ्या होडीसारखं दिसणारं घर आईचं, म्हणजे आता डिडरिकचं.

दर रविवारी हिले आपली मंडळी नेमकी तिथेच थांबवायची. रस्ता सरकारी, तोंड तिचं, अडवणार कोण? समोरच्या मोठ्या खिडकीत डिडरिक पाव-चीज खात बसलेला असे.

"छपराचा उतार बघा," ती सांगे. "विटा कशा तिरक्या लावल्यात बघा. आणि ही खिडकी. इथे माझी आई बसायची. मुलगी इस्पितळात असताना मुलाने तिला इथून उचलून नेलं. आत जेवतायत ना, तेच ते चिरंजीव."

तिसऱ्या रविवारी त्याने पडदा ओढला. भरदिवसा पडदा! ज्याला लपवायचं काही नाही, तो या गावात पडदा ओढत नाही. चोराच्या मनात चांदणं, असं बेकरीत लोक उघडच बोलू लागले.

चौथ्या रविवारी तो घरातल्या सपातांवरच बाहेर आला.

"बास कर, हिले! जगणं हराम केलंस माझं. अर्धं घर घे, पण ही वरात बंद कर."

"घर घाल चुलीत. त्या दिवशी कॉफी पिताना जे बोललास, ते यांच्यासमोर मागे घे."

"या परक्यांसमोर?"

"आपल्या माणसांना खोटं सांगितलंस. खरं परक्यांना तरी सांग."

एका पाहुण्या बाईंनी सरळच विचारलं, "आईंना जायचं होतं का हो?"

डिडरिक खाली बघत राहिला. "नाही," तो पुटपुटला.

"मोठ्याने. मागच्या आजोबांना कमी ऐकू येतं."

"नाही! नव्हतं जायचं तिला. रडत होती ती. मीच नेलं."

 हे ऐकलं की काळीज थंड होईल, असं हिलेला वाटलं होतं, आणि ते झालंही, अगदी गारेगार. भाऊ भिंतीचा आधार घेऊन उभा होता, एकदम म्हातारा दिसत होता. तिला त्याची कीव आली नाही.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला. "सुटलो ना मी?"

"छान बोललास," हिले म्हणाली. "पण खोटं गावभर सांगितलंस, आणि खरं आत्ता कुठे डझनभर लोकांना. पुढच्या रविवारी नवी माणसं येतायत. दाराशी उभा राहा."