चाळीस मिनिटांची विद्यार्थिनी

शेवटचा घास तोंडात असतानाच हानेकेने ताट उचललं, नळाखाली धरून विसळलं, पालथं घातलं आणि "छान झालं होतं" म्हणत ती माळ्याचा जिना चढून गेली. बाकीच्यांच्या ताटांतलं कोकराचं कालवण अजून वाफाळत होतं.

"बघितलंस?" गाव जिला मानाने 'दोन्या' म्हणायचं, त्या एर्मिनियाने सुनेला विचारलं. "माझं घर आहे की बसचा थांबा?"

"बुधवारी तिची परीक्षा आहे, दोन्या," निदिया हळूच म्हणाली.

"परीक्षा बुधवारी, आज रविवार. रविवारचं जेवण झाल्यावर माणूस बसतो. शेजाऱ्यापाजाऱ्याची उणीदुणी काढतो, पावाचा चुरा बोटाने टिपतो. ही ताट धुते! मी काय मेले का?"

एर्मिनियाच्या घरी दर हिवाळ्यात एखादी तरी परदेशी मुलगी राहायला यायचीच. डोंगर दारात होता, स्की शिकवायला शिकवणारी शाळाही दारात होती. पण ही हानेके हॉलंडची. जिच्या मुलखात चर्चच्या मनोऱ्याहून उंच काही नाही, ती आर्जेंटिनात येऊन लोकांना उतार उतरायला शिकवणार, यावर एर्मिनिया पहिला आठवडाभर हसली होती. नंतर हसू ओसरलं आणि तक्रारी सुरू झाल्या. मुलगी गुरुवारी गावातले नाच शिकायला जायची, शनिवारी बाजारात विणकरणींच्या हातमागांपाशी उभी राहून वहीत काहीतरी टिपायची. सगळं घड्याळ लावून.

"आमचं सगळं बघून झालं हिचं," एर्मिनिया म्हणायची. "आमच्याबरोबर बसायचं तेवढं राहिलंय."

परीक्षेचा नियम असा, की उमेदवाराने आपला विद्यार्थी स्वतः शोधून आणायचा, आणि त्याने जन्मात कधी स्की पायात घातलेली नसावी. चाळीस मिनिटांत तो विद्यार्थी उतारावरच्या झेंड्यापासून निघून, कुणाचा हात न धरता, खालच्या कुंपणाआधी आपला आपण थांबला पाहिजे. हानेके दोनदा नापास झाली होती. एकदा विद्यार्थी चिडून निघून गेला, एकदा विद्यार्थिनी रडली. तिसऱ्यांदा हुकलं की सामान बांधून घरी. खालच्या शहरातून आलेली निदिया कधी बर्फावर उतरली नव्हती. तीच या खेपेची विद्यार्थिनी होणार होती.

बुधवारी सकाळी निदिया तापाने फणफणली.

हानेके स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बसली नाही. "कुणी आहे का?" तिने विचारलं. "स्की न येणारं? कुणीही?"

"या गावात? अगं, इथली पोरं रांगायच्या आधी घसरतात."

हानेकेने मान हलवली आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे एकदा हलले, मग ताठ झाले. एर्मिनियाने चुलीवरची किटली उतरवली, परत ठेवली, फडक्याला हात पुसले. पुसून झालेले हात पुन्हा पुसले.

"निदियासाठी आणलेले बूट मला होतात," ती म्हणाली.

"पण तुम्ही तर..."

"मी तर काय? चल. घड्याळ बघायची एवढी हौस आहे, तर आता बघ."

उतारावर परीक्षक इबार्रा वही घेऊन उभा होता. त्याच्यामागे इतर उमेदवार, त्यांचे विद्यार्थी आणि काम टाकून गंमत बघायला आलेलं अर्धं गाव. एर्मिनियाला बुटांत पाय कोंबून येताना बघून इबार्रा खो खो हसला.

"दोन्या, तुम्ही? अहो, तुमचे यजमान अख्खा जन्म माणसं वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांची दुरुस्ती करत या डोंगरावर हिंडले. नियम आहे, कधी स्की केलेलं चालत नाही."

"नाही केलं."

"तरुणपणी तरी..."

"नाही केलं म्हणते ना!" तिचा आवाज थेट कुंपणापर्यंत गेला. "एकोणपन्नास वर्षं. कधी मी गुडघा दुखतो म्हणाले, कधी चुलीवर भाजी आहे म्हणाले. मला येत नाही, इबार्रा. कधीच येत नव्हतं. लिही तुझ्या वहीत."

कुणी हसलं नाही. पाववाल्याची बायको तोंडावर हात ठेवून उभी राहिली. एर्मिनियाने एक लांब श्वास सोडला. तिला वाटलं होतं, हे बोलताना पायाखालची जमीन सरकेल. ती सरकली नाही. उलट वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या पोलक्याचं एक बटण सुटावं, तसं झालं.

मग जमीन सरकली. चार पावलांतच ती बदकन् बसली.

"गुडघे वाकवा. हात पुढे. वजन समोर," हानेकेने वरून सांगितलं. "टोकं जवळ, टाचा लांब, पाचरीसारखं. उठा, दोन्या."

दुसऱ्यांदा सात पावलं. तिसऱ्यांदा तीन. आता मात्र एर्मिनिया बर्फात पाय पसरून बसली आणि उठलीच नाही.

"बास. मला नाही जमायचं."

हानेकेने घड्याळ बघितलं. मग तिने पायातल्या स्की सोडल्या, बाजूला ठेवल्या आणि ती एर्मिनियाच्या शेजारी बर्फात मांडी घालून बसली.

एर्मिनियाने बुटांवरचा बर्फ झटकला.

"तुमच्या गावी बर्फ पडायचा?" हानेके म्हणाली.

"वारा असायचा. माळच माळ. मेंढ्यासुद्धा तिरक्या उभ्या राहायच्या. एकोणिसाव्या वर्षी इथे आले, मजुरांचा स्वयंपाक करायला. सगळ्यांना वाटलं मला येतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं."

"तेवीस मिनिटं झाली!" इबार्रा ओरडला.

हानेकेने वळूनही पाहिलं नाही.

"या इबार्राचा बाप असाच," एर्मिनिया खालच्या आवाजात म्हणाली. "एवढा घाईचा, की स्वतःच्या लग्नातून नवरीला चर्चमध्ये विसरून घरी आला. दारात आल्यावर आठवण झाली."

हानेके हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा एर्मिनियाने तिचे दात बघितले. मधल्या दोन दातांत फट होती. चांगली दिसत होती. हानेकेने हातमोज्याने बर्फाचा एक खडा उचलला, तो बोटांत फिरवत बसली आणि म्हणाली, "मग? नवरी काय म्हणाली?"

"जे म्हणाली ते तुझ्या वहीत लिहिण्यासारखं नाही."

तेही सांगून झालं. पाववाल्याच्या बायकोचंही थोडं सांगून झालं. बर्फ खालून ओला व्हायला लागला, तशी एर्मिनियाने काठ्या रोवल्या आणि कुणी उठ म्हणायच्या आत ती कण्हत कुंथत उठली. झेंड्यापाशी गेली. टोकं जवळ, टाचा लांब. उतार लहान मुलांचा होता. ती निघाली. वारा कानात शिरला, कुंपण मोठं मोठं होत गेलं, तिने दातओठ खाऊन टाचा बाहेर ढकलल्या आणि कुंपणाच्या हातभर अलीकडे ती थांबली.

उभी होती. आपल्या पायांवर.

मागून टाळ्या आल्या. आधी पाववाल्याच्या बायकोच्या.

इबार्रा खाली आला, वहीत बघत राहिला. "पास आहेस, मुली. पण मधली बारा मिनिटं तू काहीच शिकवलं नाहीस. त्या रकान्यात काय लिहू?"

हानेकेने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तिचे खांदे हलायला लागले. या वेळी ते ताठ झाले नाहीत. एर्मिनियाने काठी उलटी धरून मुठीने तिला ढोसलं.

"रड नंतर. आधी माझं ऐक. त्याने तुला पास केलं, तो त्याचा कागद झाला. माझं विचारशील तर तू शिकवतेस बरी, उगाच खोटं कशाला बोलू? पण थांबायचं शिकवलंस आणि निघालीस, असं चालायचं नाही. उद्या सकाळी दहाला मी इथे उभी असेन. वळायचं कोण शिकवणार मला? तुझा बाप?"