विम्यापुरतं कुटुंब

"घरच्या गाडीत एवढे तांदूळ?" सीटखाली डोकं घालून विमा कंपनीचा सर्व्हेअर स्वतःशीच पुटपुटला. आम्ही अगदी शेजारी उभे होतो, म्हणून ऐकू आलं.

माझा धाकटा भाऊ शामसुंदर, पंचवटीतला गुरुजी, त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं. गेल्या आठवड्यात यजमानांना त्र्यंबकला पूजेसाठी नेताना त्याची सात सीटांची गाडी दुभाजकावर चढली. माणसं वाचली, गाडीचं तोंड चेपलं. विमा घरगुती वापराचा. गाडी घरची ठरली तर दुरुस्ती होणार, नाहीतर ती गॅरेजातच गंजणार. म्हणून त्यानं अख्खं घर गॅरेजात आणून उभं केलं होतं: मी, त्याचा मुलगा श्रेयस आणि बायको सुधा. सुधाला तर पैठणी नेसवली होती. ऑइलच्या डबक्यात पैठणी!

विमा काढताना एजंट म्हणाला होता, "गुरुजी, धंद्याला वापरता तर तसं लिहू. हप्ता जरा वाढेल." शामसुंदर केवढा भडकला! "धंदा? आम्ही सेवा करतो!" सेवेचं दरपत्रक मात्र त्याच्या मोबाइलवर असतं, स्टेशनवरून आणण्या-सोडण्यासकट.

"अपघाताच्या वेळी गाडीत कोण होतं?" सर्व्हेअरनं विचारलं.

"पाहुणे."

"कुठले?"

"इंदूरचे," शामसुंदर म्हणाला. "सुरतचे," श्रेयस त्याच दमात म्हणाला.

"दोन्हीकडचे. गोतावळा मोठा आहे आमचा," मी सांगून टाकलं. मीही काही कमी नाही.

सर्व्हेअरनं डिकीतून एकसारखी अकरा ताम्हणं काढली. "आणि ही?"

"घरचीच भांडी हो."

"ताम्हणात जेवता?"

शामसुंदरनं शेंडीवरून हात फिरवला.

"वहिनी, तुम्ही जरा मागं बसा बरं. सीट हलते का बघतो," सर्व्हेअर सुधाला म्हणाला.

सुधा पुढे झाली. तिनं दाराची मूठ धरून बाहेर ओढली. दार उघडेना. पुन्हा जोर लावला.

"आई, सरकवायचं असतं ते," श्रेयस कुजबुजला.

मेकॅनिकचा पाना हवेतच थांबला. सुधानं मूठ सोडली आणि काळा झालेला हात सरळ पदराला पुसला.

"साहेब, चार वर्षं झाली गाडीला. देवळ्याला माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही मी एसटीनं गेले. गाडीला बुकिंग होतं."

"अगं सुधा..."

"मी आज पहिल्यांदाच हात लावतेय हिला. धंद्याची आहे ही. लिहा."