पट्टीचे चार दिवस

पौर्णिमाच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. सोमवारी शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या बापाला, अनंताला, पाठ झालं होतं. चार दिवस मोबाइल नाही, टीव्ही नाही, धावाधाव नाही, धुळीत जायचं नाही. थेंब वेळेवर घालायचे. परसातल्या वईची, म्हणजे कुंपणाची, बांबूची काडी लागून बुबुळावर ओरखडा उठला होता. "पोरीला शांत बसवा," डॉक्टर म्हणाले. आठ वर्षांच्या पोरीला आणि तिच्या पाच वर्षांच्या भावाला, मितेशला, शांत कसं बसवायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

जया, त्याची बायको, मुरबाडला एका कंपनीत पॅकिंगचं काम करायची. तिच्या रजा संपल्या होत्या. म्हणून शहापूर-मुरबाड रस्त्यावर दिवसभर जीप मारणारा अनंता घरी राहिला. मंगळवारी सकाळी सातला कंपनीच्या गाडीत चढताना जया म्हणाली, "फोन द्याचा नाय. कितीपण रडली तरी."

"नाय देत गो."

त्याने टीव्हीची वायर काढून ठेवली, फोन कपाटावर टाकला आणि पोरांसमोर येऊन बसला. नऊ वाजेपर्यंत त्याला येत होतं ते सगळं संपलं. गोष्ट सांगितली, ती सापगावच्या पुलापर्यंत आली आणि पुढे काय झालं ते त्यालाच आठवेना. कॅरम काढला, तर पावडर उडते म्हणून लगेच आत ठेवला. सापशिडीचा फासा सापडला नाही. मितेशने खाटेवरून उड्या मारायला सुरुवात केली, पौर्णिमा उठली, तिला बसवलं, तर मितेश दारातून पळाला. त्याला धरून आणेपर्यंत पौर्णिमा पट्टीखाली बोट घालत होती.

"हात काढ!"

"खाजतंय."

"पप्पा, फोन द्या ना," मितेशने भोकाड पसरलं. "मी लांब बसून बगीन. तिला नाय दाखवणार."

अनंता घरातल्या घरात फेऱ्या मारू लागला. दिवसभर गिअर टाकणारा त्याचा हात नुसता लोंबकळत होता. बाहेर ओट्याजवळ जीप उन्हात तापत उभी होती. दर पाच मिनिटांनी त्याची नजर कपाटावर जात होती. कुणी फोन केला असेल का? स्टँडवर जीपच्या रांगेतला आपला नंबर कुणी घेतला असेल? साडेअकराला त्याने फोन उचलला, "हंडा भरून आणतो," असं सांगितलं आणि मोरीमागे जाऊन उभा राहिला. फोन कुणाचाच आला नव्हता. तरी त्याचा अंगठा स्क्रीनवर चालू लागला. एक व्हिडिओ, मग दुसरा.

"पप्पा बगतायत! पप्पा बगतायत!" मितेश कोपऱ्यावर उभा राहून ओरडला.

अनंता फोन खिशात घालून आत आला. पौर्णिमा भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने खांदा काढून घेतला.

"तवा पण तुमी फोनच बगत होते," ती म्हणाली.

अनंताने हात मागे घेतला. रविवारी तो खाटेवर पडून फोन बघत होता. कोंबडी वईत अडकली म्हणून पौर्णिमा त्याला दोनदा हाक मारून गेली होती. "आलो, आलो," तो म्हणाला आणि उठला नाही. मग ती एकटीच कोंबडी सोडवायला गेली. जयाला त्याने एवढंच सांगितलं होतं, 'खेळताना लागलं.' पोरीनेही आईला काही सांगितलं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली, थेंब घातले, तरी घर नुसतं धुसफुसत होतं. जयाने फोडायला काढलेली चिंचेची टोपली कोपऱ्यात होती. काहीतरी करायचं म्हणून अनंताने ती पुढ्यात ओढली. मितेशला टरफलं काढायला लावली. पौर्णिमाच्या हातात गर दिला, चिंचोके चाचपून काढायचे. ते काम तिला जमलं. बोटं चिकट झाली म्हणून पट्टीला हात लावता येईना, हा एक फायदाच झाला. चिंचोक्यांचा ढीग वाढला तशी ती म्हणाली, "हे फोडून पट खेळतात ना? शाळेत बाईंनी सांगितलेलं."

अनंताने पाट्यावर चार चिंचोके उभे धरून फोडले. एका बाजूने तपकिरी, एका बाजूने पांढरे. लादीवर खडूने पाच-पाच घरांचा पट आखला. किती पांढरे पडले की किती घरं चालायचं, ते त्याला अर्धवटच आठवलं. उरलेले नियम पौर्णिमाने ठरवले, आणि ती हरायला लागली की बदलले. मितेश भांडला. अनंता स्वतःच एकदा "आरं, हे माझं घर!" म्हणून ओरडला. तासभर बरा गेला. मग तेही सरलं.

"आता काय?" दोघं एकदमच म्हणाली.

चार वाजले होते. अनंता वैतागून खाटेवर बसला. मितेश त्याच्यापुढे चढून बसला, हातात ताट धरलं आणि फिरवू लागला. "शहापूर, शहापूर! बसा लवकर!"

पौर्णिमा मागे उशीला टेकली. "मना दवाखान्यात जायचंय, डायवर. डोळा दुखतोय."

"बसा मावशी." मितेशने तोंडाने गाडी चालू केली. वळणं घेतली, हॉर्न मारले. मग ताट एका हातात धरलं, दुसरा हात तोंडासमोर आणला आणि तळव्यावर अंगठा फिरवू लागला.

"डायवर, म्होरं बगा ना," पौर्णिमा म्हणाली.

"आलो, आलो," मितेश म्हणाला. अंगठा फिरतच राहिला.

पौर्णिमा हसली. मितेशने हे मुद्दाम केलं नव्हतं, त्याला ड्रायव्हर असाच ठाऊक होता. अनंता उठला, दाराशी गेला, परत आला. सहापर्यंत त्याला कुठेच बसवेना. पोरं खाटेवरच होती. गाडी बंद पडली, ढकलली, पंक्चर झाली.

साडेसहाला जया आली. चपला काढून तिने आधी पौर्णिमाची हनुवटी उचलून पट्टी बघितली. अनंताने तिला मोरीकडे बोलावलं.

"मी तुला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "ती मला बोलवत होती. दोनदा. मी फोन बगत होतो. उठलो नाय."

जयाने तोंड धुवायला पाण्याचा तांब्या उचलला होता. तो तिने परत खाली ठेवला.

"डोळा गेला असता तर?"

"हां."

"नुसतं हां?"

तिने तोंड धुतलं आणि आत निघून गेली. भाकऱ्या थापताना ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बुधवार, गुरुवार तसेच गेले, कधी बरे, कधी रडारडीचे. अनंताने जुन्या पिशवीत गहू, हरभरा, बटण, पेनाचं टोपण असं काय काय घातलं आणि पोरांना हात घालून ओळखायला लावलं. मातीचे बैल केले, ते वाळताना फुटले. गुरुवारी दुपारी कुणालाच काही नको होतं. तिघं नुसती लोळली. अनंताने फोन जीपमध्ये कुलूप लावून ठेवला होता. किल्ली तो चार वेळा चाचपून आला, पण त्याने दार उघडलं नाही.

शुक्रवारी जयाने अर्धी सुट्टी काढली आणि सगळी शहापूरला गेली. डॉक्टरांनी पट्टी काढली, दिवा टाकून बघितलं. ओरखडा भरत आला होता. थेंब अजून आठवडाभर घालायचे होते. पौर्णिमा डोळे मिचकावत म्हणाली, "उजेड जास्तच आहे."

घरी आल्यावर पोरांनी टोपलीतून पुन्हा चिंचोके काढले. जया काही वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग पदर खोचून पटाच्या चौथ्या बाजूला येऊन बसली.

"मना नियम सांगा," ती पोरांना म्हणाली. मग अनंताकडे न बघताच पुढे बोलली, "आपलं बोलायचं राहिलंय. डाव झाला की बोलू."

"बोलू," अनंता म्हणाला, आणि चिंचोके तिच्या हातात दिले.