शेवटचा हात

ग्लेनिसने लिफाफ्यातला कागद काढून बोयानच्या ध्वनियंत्रावर ठेवला, अगदी त्याच्या बोटांखाली, म्हणजे त्याला टाळता येऊ नये.

"बघ. आज सकाळी कान तपासून आले."

बोयान पेट्कोव्स्कीने चष्मा लावला. कागदावरची रेघ मध्यापर्यंत बरी चालली होती आणि तिथून कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती.

"वरचे बारीक आवाज गेले माझे," ती म्हणाली. "झांजेची किणकिण, 'स'ची धार, सगळं. कधी गेले तेही कळलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, तुमच्या वयात हे चालायचंच. मी म्हटलं, बाई, वयाला चालेल, माझ्या धंद्याला कसं चालेल?"

बोयानने नुसती मान हलवली. तो क्वचितच बोले, म्हणून अख्खं पोर्ट केंब्ला त्याला 'बडबड्या' म्हणे. टोपणनावं आमच्याकडे ऑस्ट्रेलियात अशीच उलटी पडतात.

चाळीस वर्षांपूर्वी तो तिच्या मागे उभा राहून बेस वाजवायचा. त्यांचा बँड 'स्लॅग हार्बर' पोलाद कारखान्यातल्या पाळ्या संपवून पबमध्ये उभा राहायचा, आणि पबचा साउंडवाला गिटारी एवढ्या चढवायचा की ग्लेनिस नुसती तोंड हलवताना दिसे. एका शनिवारी तिने माइकला वीस मीटरची वायर लावली. गाणं ऐन रंगात असताना ती स्टेजवरून उतरली, गाता गाता गर्दीतून वाट काढत साउंडवाल्यापाशी गेली आणि आपला आवाज आपल्या हाताने वर सरकवला. त्या माणसाने निमूटपणे हात वर केले आणि लोकांनी पब डोक्यावर घेतला. पुढे कुठेही गेलं तरी मागून आरोळी यायचीच, "ग्लेन, चालत ये!" ते दिवस फार सुंदर होते. बँड मोडल्यावर गाणं सणासुदीपुरतं उरलं, पण ध्वनियंत्र तिला कायमचं चिकटलं. किनाऱ्यावरचे निम्मे बँड रेकॉर्डिंगला तिच्याकडे येत. ती सगळे आवाज जुळवी आणि छापायला जाण्याआधी शेवटचा हात फिरवायला ते काम बोयानकडे पाठवी.

"एकच सांग," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही म्हणून मी वरची धार वाढवत बसले असणार. त्या पोरांच्या रेकॉर्डी नासवल्या का मी?"

"नाही."

"बडबड्या, समजूत काढू नकोस माझी."

त्याने खण ओढला आणि कामाच्या नोंदींचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. एकेका रेकॉर्डचा एकेक कागद. प्रत्येकावर त्याच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, वरची धार कमी. सात वर्षांपूर्वी एका डेसिबलने. मग दीडने, दोनने. गेल्या वर्षी तीनने.

तिला आधी हायसं वाटलं आणि लगोलग संताप आला.

"सात वर्षं! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तू काम सोडलं असतंस."

"सोडलं असतं तर सोडलं असतं!"

"बाकीचं तुझ्यासारखं कोणी ऐकत नाही, ग्लेन. वरचं मी पुसायचो. त्यात काय एवढं."

बडबड्याने वर्षभराचं बोलून घेतलं होतं. तिने नाक पुसलं आणि हसू दाबण्यासाठी गठ्ठ्यातला शेवटचा कागद उचलला. तो गेल्या मार्चमधला होता. त्यावर रेकॉर्डचं नाव होतं, तारीख होती आणि खाली काहीच नव्हतं.

"आणि हे?"

बोयानचा चेहरा उजळला. "त्याला हातच लावावा लागला नाही. कुठेच टोचलं नाही. मला वाटलं, तुझा हात पुन्हा बसला."

ग्लेनिस त्याच्याकडे बघतच राहिली. मार्चमध्ये आपला हात काही सुधारलेला नव्हता, हे तो समोरचा आलेख स्वच्छ सांगत होता.

तेवढ्यात दार उघडून बोयानची बायको स्लावका आत आली. खांद्यावर ओले कपडे तसेच.

"बहिरे झालात का दोघं? ते यंत्र केव्हाचं बारीक आवाजात किंचाळतंय! मला अंगणात ऐकू येतंय! माझ्या मिरच्या वाळवायच्या यंत्रात पुन्हा टेपा घातल्यास ना बोयान, तर तुलाच वाळवीन."

टेपा 'स्लॅग हार्बर'च्या पहिल्या रेकॉर्डच्या होत्या. ती पुन्हा छापायची होती, आणि इतक्या जुन्या टेपा ऊब देऊन वाळवल्याशिवाय वाजत नाहीत.

बोयान मान तिरकी करून ऐकत होता. "वाजतंय?"

"अरे, आत्ताही वाजतंय!"

त्याने ग्लेनिसच्या हातातून तो कोरा कागद घेतला आणि बराच वेळ बघत बसला. स्लावकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि जाऊन यंत्र बंद करून आली.

टेपा निवेपर्यंत चहा झाला. कपबशा उचलल्यावर ग्लेनिसने स्लावकाला दंडाला धरून बोयानच्या खुर्चीत बसवलं.

"कुठे टोचलं की हात वर कर."

"मला तुमचा हा गोंगाट कधी आवडला नाही, तुला माहीत आहे."

"म्हणून तर."

टेप फिरू लागली. ढोल आला, बोयानचा बेस आला आणि मग सव्वीस वर्षांची ग्लेनिस खोलीभर ओरडू लागली. स्लावका डोळे मिटून बसली होती. तिसऱ्या ओळीला तिचा हात वर गेला. बोयानने वरच्या धारेची खुंटी जराशी मागे घेतली.

"अजून थोडं. हं, बास." मग ती डोळे न उघडताच म्हणाली, "ग्लेन, प्रत्येक ओळीच्या आधी तू श्वास घेतेस ना, तो ऐकू येतो."

ग्लेनिसला तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. ती पुढे वाकली.

"कसा आहे?"

स्लावकाने पुढची ओळ येऊ दिली.

"घाबरलेला," ती म्हणाली.

बोयानचा हात खुंटीवर थांबला. त्याने ग्लेनिसकडे पाहिलं.

"राहू दे तो," ग्लेनिस म्हणाली.