उचलून नेता येत नाही म्हणून

रायपूरच्या चौबे कॉलनीत, एका घराच्या पूर्वेकडच्या खिडकीखाली ठाण मांडून बसलेला मी एक जुना कॉम्प्युटर. मांडीवर घ्यायचा नव्हे, टेबलावर ठेवायचा. एक काळा डबा, एक पडदा, अक्षरं पुसलेला कीबोर्ड आणि मागे वायरींचं जंजाळ. हल्ली मला कोणी हौसेनं घेत नाही. म्हणूनच मला इथं कसं आणलं, ते सांगावंसं वाटतं.

माझा पहिला जन्म रायपूरच्याच भनपुरी भागात गेला. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी सहा वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, छापल्या. कुठल्या ट्रकमध्ये काय भरलं, कुठं निघालं, हे दिवसभर माझ्या पोटात जायचं. दाराशी ट्रक उभे असायचे आणि त्यांची धूळ माझ्या पंख्यावर साचायची. मला तिथं कोणी वाईट वागवलं नाही, चांगलंही नाही. बंद पडलो की डब्यावर एक चापट बसायची आणि मी पुन्हा चालू व्हायचो. एक दिवस ऑफिसात नवी यंत्रं आली. आम्हा सात जणांना एका दोरीत बांधून सुशीलच्या दुकानात पोचवलं.

सुशील जुनी यंत्रं दुरुस्त करून विकतो. त्यानं मला उघडलं, ब्लोअरनं धूळ उडवली, जुनी डिस्क काढून नवी बसवली. माझ्या पाठीवर ऑफिसचा सतरा नंबरचा स्टिकर होता, तो मात्र निघाला नाही. अजून आहे.

दुकानातल्या फळीवर मी पाच महिने बसलो. तिथून माणसांची एक सवय नीट पाहिली. लॅपटॉप बघायला आलेला माणूस आधी तो हातावर तोलतो. किती हलका आहे, हे कळलं की त्याचा चेहरा उजळतो. मला कोणी कधी तोलून पाहिलं नाही.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. एक कुटुंब आलं. दिवाकरराव रेल्वेत नोकरीला. त्यांची बायको मीराताई, पन्नाशीला टेकलेली, हातात एक वही. आणि त्यांचा मुलगा विहंग, भिलाईत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीवर आलेला. बोलण्यावरून सगळा मामला माझ्या ध्यानात आला.

त्यांच्या घरी एक लॅपटॉप होता. विहंग बारावीत असताना 'घरासाठी' म्हणून नवाकोरा घेतला होता. हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. पुढच्याच वर्षी तो विहंगबरोबर भिलाईच्या हॉस्टेलला गेला. मीराताईंच्या वाट्याला तो सुट्ट्यांमध्ये आला, तोही विहंग झोपेतून उठेपर्यंत.

आता मात्र त्यांना स्वतःला काम होतं. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाची इमारत दुरुस्तीला निघाली होती. कमिटीनं ठरवलं, गुढीपाडव्यापर्यंत ज्या पुस्तकांची कॉम्प्युटरवर यादी होईल तेवढीच नव्या कपाटांत जातील. बाकीची देऊन टाकायची. पुस्तकं होती तीन हजारांच्या वर. त्यांची कार्डं वाचनालयाचे जुने ग्रंथपाल अनंतराव यांच्या हातची, बिस्किटांच्या चार डब्यांत भरलेली. अनंतरावांना आता नीट दिसत नाही. सभेत कोणीच पुढे आलं नाही, तेव्हा मीराताई उठल्या आणि म्हणाल्या, मी करते. आठ दिवस फोनवर करून पाहिलं. डोळे दुखले आणि यादी शंभरावरच राहिली.

विहंगचा बेत तयार होता. नवा लॅपटॉप घ्यायचा, तो त्यानं न्यायचा आणि त्याचा जुना घरी ठेवायचा.

"मम्मी, तुमको टाइपिंग ही तो करना है। पुराना वाला काफी है।"

"बरोबर आहे त्याचं," दिवाकरराव म्हणाले. "त्याले शिकायचं आहे, त्याले चांगला पाहिजे. तुले काय, यादीच तर करायची."

मीराताईंनी वही उघडली. त्यात लिहून आणलं होतं: जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं, बिजागरी तुटलेली, पडद्याला सेलोटेप. त्याखाली, चार वर्षांत तो त्यांना किती दिवस मिळाला त्याच्या तारखा. एकूण एकोणीस.

"जुनंच वापरायचं आहे तर माझ्या पसंतीचं वापरीन," त्या म्हणाल्या आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भैया, ये उठा के ले जा सकते हैं क्या?"

सुशीलला वाटलं, बाईंना घरी न्यायची काळजी पडली. "दीदी, भारी है। ऑटो लगेगा। पर मैं घर छोड़ दूँगा।"

"आणि हॉस्टेलवर नेता येतो का?"

"इसको हॉस्टल कौन ले जाएगा, दीदी?"

"मग हाच द्या."

विहंग हसला. ऑटोत बसताना म्हणाला, लोग आगे जाते हैं, मेरी माँ पीछे जा रही है. मीराताईंनी ऐकलं. पडदा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, जणू लहान मूलच.

खिडकीखाली माझी जागा झाली. सकाळी सहाला त्या यायच्या, चहाचा कप माझ्यापासून हातभर लांब ठेवायच्या आणि कार्ड उचलायच्या. मराठी टाइप करायला त्या स्वतःच शिकल्या. जोडाक्षरं कशी उमटतात ते वहीत लिहून भिंतीला चिकटवलं. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस पुस्तकं, महिन्याभरात पंचवीस. कार्डाच्या पाठीवर अनंतरावांनी कधीमधी दोन शब्द लिहिलेले असत. 'पान ४२ नाही.' 'शांताबाईंनी तीनदा नेलं.' मीराताई तेही उतरवून घ्यायच्या. त्यासाठी त्यांनी एक वेगळा रकाना केला होता.

मी काही निर्दोष नाही. जानेवारीत एका सकाळी लाईट गेली आणि साठेक पुस्तकं माझ्या हातून निसटली. सुशीलनं यूपीएस घ्या म्हणून सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी नंतर बघू म्हटलं होतं. दिवाकरराव दाराशी येऊन म्हणाले, "लॅपटॉप असता तर?" मीराताईंनी कार्डांचा डबा पुन्हा उघडला आणि पहिलं कार्ड काढलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना दिवाकररावांनी यूपीएस आणला आणि जोडून दिला.

पाडवा दहा दिवसांवर आला. कार्डांचा चौथा डबा अर्धा राहिला होता. त्या दिवशी मीराताई अनंतरावांकडे काही कार्डांबद्दल विचारायला गेल्या होत्या आणि विहंग अचानक घरी आला. त्याचा तोच जुना लॅपटॉप कायमचा बंद पडला होता आणि प्रोजेक्ट द्यायचा होता. त्यानं माझ्या वायरी काढल्या, मला एका जुन्या चादरीत गुंडाळलं. दिवाकररावांनी स्टेशनपर्यंत ऑटो बोलावला. दोघांनी मला उचललं. मी जड होतो, पण त्यांना फार जड नव्हतो. त्या दिवशी मला कळलं, माझ्या वजनावर कोणी भरवसा ठेवू नये. माणसाच्या मनात आलं की तो काहीही उचलतो.

मी उंबऱ्यावर होतो, तेवढ्यात मीराताई आल्या.

"काय करून राहिला?"

"मम्मी, बस दस दिन। फिर वापस ला दूँगा।"

"पोराचं वर्ष आहे," दिवाकरराव म्हणाले. "यादी काय, दहा दिवसांनी भर."

"दहा दिवसांनी पाडवा आहे."

मीराताईंनी हातातली कार्डं माझ्या डब्यावर ठेवली.

"विहंग, हा इथून हलणार नाही. तुझं काम अडलं आहे ना, तर इथं बसून कर. सकाळी सहा ते दहा माझे. बाकीचा सारा दिवस तुझा. तुले गरम पोळ्या करून देईन. माझ्या वेळात खुर्ची देणार नाही."

"और मेरे दोस्त? साथ में करना है सबको।"

"त्यांना बोलाव. मी काय नाही म्हणून राहिली?"

बाहेरून ऑटोवाल्यानं विचारलं, जाना है कि नहीं. विहंग वडिलांकडे बघत होता. दिवाकरराव माझ्याकडे, मग बायकोकडे बघून म्हणाले, "नहीं जाना, भैया." आणि चादरीची गाठ त्यांनीच सोडली.

पुढचे दहा दिवस मी भनपुरीतही राबलो नव्हतो इतका राबलो. दहा वाजले की विहंग येऊन मागे उभा राहायचा. आधी घड्याळ बघत. चौथ्या-पाचव्या दिवशी साडेनऊलाच आला. मीराताई एक कार्ड डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या. त्यानं ते हातातून घेतलं आणि अडखळत वाचलं. मग पुढचं. त्याचं मराठी वाचन अगदी कच्चं. मीराताई हसू दाबत दुरुस्त करायच्या. पण तो वाचणार, त्या टाइप करणार, असं होऊ लागलं आणि कार्डं भराभर सरली. पाडव्याच्या आदल्या सकाळी शेवटच्या कार्डाच्या पाठीवर त्याला लिहिलेलं दिसलं, 'मीरा, लग्नानंतर पहिलं पुस्तक.' त्यानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आई, हे कुठल्या रकान्यात?"

आज पुस्तकं नव्या कपाटांत आहेत, सगळीच्या सगळी. विहंग नोकरीसाठी गेला आणि स्वतःचा हलका लॅपटॉप स्वतः घेऊन गेला. मीराताई आता कमिटीचा पत्रव्यवहार लिहितात, आणि तो झाला की काहीतरी आपलं. त्यात काय असतं ते मी सांगणार नाही.

माझा पंखा घरघर करतो. सुशील म्हणाला, अगली बार खोलूँगा तो शायद चालू न हो पाए. मला त्याचं वाईट वाटत नाही. दोन जन्म झाले.

तुम्ही कधी घरासाठी असं यंत्र घ्यायला गेलात तर नवं घ्या, जुनं घ्या, मांडीवरचं घ्या की टेबलावरचं. आधी एवढं विचारा, की घर म्हणजे आपल्याकडे नेमकं कोण. आणि मी गेल्यावर इथं काहीही आणून ठेवा. सकाळी सहाला खुर्ची मात्र रिकामी ठेवा. मीराताई चहा घेऊन येतात.